बावन्न पानी पुस्तक

मराठी समीक्षेनं ज्याची आजवर साधी पोचही दिलेली नाही, असं एक पुस्तक महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सापडतं. ते कपाटात नसतं. ते असतं खणात. अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, सेल नसलेली बॅटरी, रबरबँडांचा गुंता आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली यांच्या सोबतीला. पानं बावन्न. लेखकाचं नाव नाही. प्रस्तावना नाही आणि अर्पणपत्रिकाही नाही, हा त्याचा पहिला गुण. बांधणीबद्दल बोलायचं तर ती नाहीच. इतर पुस्तकांची पानं सुटी झाली की आपण बाइंडरकडे धावतो. याची पानं एकमेकांना चिकटली की टाल्कम पावडरकडे धावतो.

या पुस्तकाला आपण पत्त्यांचा कॅट म्हणतो.

आता इतकी माणसं इतकी वर्षं जे पुस्तक हातात धरतात, त्याला समीक्षकांनी हात का लावू नये? मला वाटतं, क्रियापदानं घात केला. कादंबरी आपण वाचतो, कविता म्हणतो, नाटक बघतो. पत्ते मात्र कुटतो. मराठीत दाणे कुटतात, मिरच्या कुटतात आणि पत्ते कुटतात. "पहिल्या दोहोंची निदान चटणी तरी होते," असं आमचे आजोबा म्हणत. ते स्वतः दुपारी दोन ते चार न चुकता झब्बू खेळत. पण ते 'जरा बसणं' असे. कुटत असायचो ते आम्ही.

तर परीक्षण. सुरुवात चित्रांपासून करतो, कारण सचित्र पुस्तक हातात आलं की शहाणा माणूसही आधी तेच करतो.

चित्रं वाईट आहेत. हे एकदा स्वच्छ सांगून टाकलेलं बरं. राजे चार, राण्या चार, गुलाम चार; या बारा जणांत मिळून डोकी चोवीस आणि पाय एकही नाही. सगळे कमरेपाशी आपल्याच उलट्या अंगाला शिवलेले. याला कारण आहे म्हणा. पूर्वी ही मंडळी आपापल्या पायांवर उभी असत. पण हातात राजा उलटा आला की खेळणारा तो हळूच सुलटा करी आणि समोरचा बेरकी गडी ते बघून ओळखे, की याच्याकडे चित्र आलं. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन्हीकडून सुलटी दिसणारी चित्रं रूढ झाली. थोडक्यात, बारा जणांचे पाय कापले गेले ते शेजाऱ्याच्या डोळ्यांपायी. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको.

पण बदामच्या राजाचं काय? जरा खणातून कॅट काढा आणि हा गृहस्थ नीट बघा. चार राजांत याला एकट्यालाच मिशी नाही. आणि हातातली तलवार तो चक्क स्वतःच्या डोक्यात खुपसतो आहे. इंग्रजीत त्याला आत्महत्या करणारा राजा म्हणतात आणि त्यावरून नाना दुःखान्त कथा रचतात. खरी गोष्ट फार साधी आहे. आपण वापरतो ती चित्रं मुळात फ्रान्समधल्या रूआं गावची, पंधराव्या-सोळाव्या शतकातली. ती इंग्लंडात गेली, तिथल्या लाकडी ठसे कोरणाऱ्यांनी त्यांची नक्कल केली, पुढच्यांनी त्या नकलेची नक्कल केली. मूळ चित्रात बदामच्या राजाच्या हातात कुऱ्हाड होती. नकला होता होता कुऱ्हाडीचं पातं कडेबाहेर गेलं, उरलेल्या दांड्याची तलवार झाली आणि ती डोक्यामागे गेली. मिशी अशीच कुठल्याशा कारागिराच्या हातून निसटली. कार्बन घालून पाचवी प्रत काढणाऱ्या कारकुनाला हे सहज पटेल: पाचव्या प्रतीत आधी काना जातो, मग मात्रा जाते आणि शेवटी साहेबाची सही तेवढी राहते. बदामच्या राजाचं तेच झालं. त्याला कसलंही दुःख नाही; तो पाचवी प्रत आहे.

कुऱ्हाड शाबूत राहिली ती चौकटच्या राजाकडे. हा एका डोळ्याचा, म्हणजे चित्रात एका बाजूनं दाखवलेला. चारांतला हा एकमेव. बदाम आणि इस्पिक यांचे गुलामही असेच एकाक्ष. बाकीच्यांना दोन्ही डोळे. (लहानपणी आम्ही चौकटच्या राजाला परशुराम म्हणत असू. आमच्या घराण्याचं मूळ चिपळूणच्या बाजूचं, त्यामुळे परशू दिसला की आम्हांला दुसरं काही सुचत नाही.)

या राजांना नावं असल्याचंही कुणी कुणी मोठ्या थाटात सांगतं. इस्पिकचा डेव्हिड, बदामचा शार्लमेन, चौकटचा सीझर, किलवरचा अलेक्झांडर. माहिती खरी, पण वेगळ्या आवृत्तीची. ही नावं पॅरिसच्या पत्त्यांवर छापलेली असतात. आपल्या कॅटमधले राजे इंग्लंडमार्गे आलेले, आणि ते बिननावाचे आहेत. सामान्यज्ञान वाढवणाऱ्या चौकटींत हा घोळ नेहमी दिसतो. म्हणजे मासिकातल्या चौकटींत, पत्त्यांतल्या नव्हे.

चित्रांपेक्षा मला या पुस्तकाच्या भाषांतराचं कौतुक अधिक आहे. पत्ते युरोपात पोचले ते १३७०च्या दशकात, मुसलमानी मुलखांतून. इजिप्तच्या मामलुक राजवटीतला एक देखणा जुना संच इस्तंबूलच्या टोपकापी संग्रहालयात आहे. त्यात तलवारी, पेले, नाणी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग. युरोपात पोलो कुणाला ठाऊक? त्यांनी काठीचा सोटा केला. पुढे फ्रेंचांनी सगळंच बदलून हृदय, फरशी, तिपानी गवत आणि भाल्याचं टोक अशी छापायला सोपी चिन्हं काढली. इंग्रजांनी चिन्हं फ्रेंचांची घेतली आणि दोन रंगांची नावं मात्र जुन्या पत्त्यांची ठेवली. त्यामुळे आजही इंग्रज माणूस तिपानी गवताकडे बोट दाखवून 'सोटे' म्हणतो. आणि भाल्याच्या टोकाला तो जे 'स्पेड' म्हणतो, ते फावड्यावरून आलेलं नाही. ती इटलीची आणि स्पेनची तलवार आहे. जगावर राज्य केलं, पण चार चिन्हांची नावं धड लावता आली नाहीत.

आता मराठी माणसानं काय केलं ते बघा. फ्रेंच ज्याला 'पीक' म्हणतात ते इस्पिक. डच ज्याला 'क्लावरन' म्हणतात ते किलवर. फ्रेंच 'कारो', म्हणजे फरशी, ती चौकट. इंग्रजांसारखे हिरे आपण त्यात बघितले नाहीत, आपल्याला घर बांधायचं होतं. आणि ज्या चिन्हाला अख्खा युरोप हृदय म्हणतो, ते मराठी माणसानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, बदाम!

समीक्षक म्हणून माझं मत मराठी माणसाच्या बाजूनं आहे. हृदय असं दिसत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. बदाम मात्र थोडाफार असा दिसतो. शिवाय हृदय देता-घेता येत नाही, पोळतं, तुटतं, त्यावर कविता कराव्या लागतात. बदाम भिजत घालता येतो. पुढे आमच्या कॉलेजातली मुलं बाकांवर करकटकानं हेच चिन्ह कोरून त्यातून बाण आरपार काढत. त्यालाही आम्ही बदामच म्हणायचो. प्रेमाच्या ऐन भरातसुद्धा सुक्या मेव्याचा विचार न सोडणारी भाषा दुसरी असेल, असं मला वाटत नाही.

एक तक्रार आहे. या चिन्हांना आपण 'रंग' म्हणतो. रंग चार, आणि त्यांचे रंग दोन. एखाद्या परक्या माणसाला हे मराठीतून समजावून बघा.

पुस्तकाची विचारसरणी काय, हा प्रश्न आमच्या पिढीच्या समीक्षकाला विचारावाच लागतो, नाहीतर तो समीक्षक कसला! वरवर बघता हे पुस्तक कट्टर सरंजामी आहे. राजा वर, राणी त्याखाली, गुलाम तिच्याखाली आणि दुर्री-तिर्री ही रयत. पण मग एक्का कुठून आला? एकच ठिपका असलेला, खरं तर सगळ्यांत गरीब. आणि तो राजाला मारतो. क्रांतिकारक मजकूर पुस्तकात आधीपासूनच आहे. तरी फ्रेंच लोकांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांच्या राज्यक्रांतीत खऱ्या राजाचं डोकं उडवल्यावर पत्त्यांतले राजे तरी कसे चालावेत? १७९३च्या सुमारास तिथे राजांच्या जागी 'प्रतिभा', राण्यांच्या जागी 'स्वातंत्र्य' आणि गुलामांच्या जागी 'समता' छापलेले पत्ते निघाले. कल्पना करा, "स्वातंत्र्यावर समता पडली, हात प्रतिभेचा!" असं ओरडत माणसं खेळत असतील. नेपोलियनच्या काळात राजे निमूट परत आले. खेळणाऱ्यांना राजाबद्दल प्रेम होतं असं नाही; डाव अर्ध्यावर होता, इतकंच.

इंग्लंडमध्ये निराळा प्रकार. तिथल्या सरकारनं १७११ साली पत्त्यांवरचा कर चांगला वाढवला आणि पुढे कर भरल्याची खूण म्हणून इस्पिकचा एक्का सरकारी खात्यानंच छापायचा असं ठरलं. पत्तेवाल्यानं एक्कावन्न पानं छापायची आणि बावन्नावं सरकारकडून आणायचं. खोटा एक्का छापणं म्हणजे खोटी नाणी पाडण्यासारखं. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला याच गुन्ह्यासाठी १८०५ साली फाशी झाली. १८६२ साली तो एक्का छापायची मुभा कारखानदारांना मिळाली, तरी त्यावरची नक्षी राहिली. आणि कर तर पार १९६० पर्यंत चालू होता. आपल्या खणातल्या कॅटमध्येही सगळे एक्के साधेसुधे आणि इस्पिकचा तेवढा मुंडावळ्या बांधून बसलेला का असतो, याचं उत्तर हे. एका पानाच्या नक्षीसाठी माणूस फासावर गेला आहे. पाच-तीन-दोनमध्ये तो एक्का आला की आम्ही उगीच नाही हात थरथरू देत.

जोकरबद्दल थोडक्यात. तो पुस्तकाच्या मूळ संहितेत नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत यूकर नावाच्या खेळासाठी घुसडलेलं ते प्रक्षिप्त पान आहे. पण प्रक्षिप्त श्लोक जसे नेमके सोयीचे असतात तसा हाही सोयीचा. एक्क्याचा एक, गुलामाचे अकरा, राणीचे बारा, राजाचे तेरा धरून सगळ्या पानांची बेरीज केली तर येते ३६४. त्यात जोकरचा एक मिळवला की वर्ष पुरं. बावन्न पानं म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू, असंही सांगतात. हा निव्वळ योगायोग आहे. आपल्याकडे सहा ऋतू असून आपण याच चार रंगांनी खेळतो आणि आपलं काही अडत नाही.

गणितातली खरी गंमत वेगळीच आहे. ही बावन्न पानं किती निरनिराळ्या क्रमांनी लावता येतील, तर तो आकडा ६८ अंकी आहे. आठावर सदुसष्ट शून्यं मांडा, साधारण तेवढा. म्हणजे नीट पिसलेला प्रत्येक डाव हा जगात पहिल्यांदाच होत असतो, असं बेलाशक म्हणता येतं. कुठल्या महाकवीच्या पुस्तकाबद्दल असं लिहिता येईल? मात्र 'नीट पिसलेला' या शब्दांत सगळी ग्यानबाची मेख आहे. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं, की कॅटचे दोन भाग करून पानं फर्रकन एकमेकांत शिरवायची पद्धत वापरली तर सात वेळा पिसणं पुरे होतं. आपली घरगुती पद्धत ती नव्हे. आपण डाव्या तळव्यावर कॅट धरून उजव्या हातानं पानांचे झुपके खालीवर करतो. त्या रीतीनं पानं खरी मिसळायची तर पिसण्यांची संख्या हजारांच्या घरात जाते. आमच्या घरी सरासरी चार वेळा पिसत; पाचव्यांदा पिसू लागलं की "अरे, पीठ पाडतोस का आता?" असं कुणीतरी विचारी. त्यामुळे विश्वाच्या इतिहासात पुन्हा न येणारा डाव आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येई, आणि तिन्ही वेळा चारही दश्श्या धाकट्या काकांकडे असत.

इथवर सगळं गोड झालं. पण परीक्षणात तुलना लागते, आणि तुलना करायची तर आपल्याच कोकणातल्या गंजिफ्याशी करायला हवी. मला या लेखात खरं बोलायचं आहे ते यावरच.

गंजिफा इंग्रजी पत्त्यांच्या फार आधी आपल्याकडे आला. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांचा गंजिफा आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा. त्यातल्या एका रंगाचं नावच 'गुलाम'. आपल्या लोकांनी त्याचा दशावतारी केला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं, एकूण एकशेवीस. पानं गोल, हातानं रंगवलेली. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू. नऊ कासवांचं पान एकदा हातात घेऊन बघा. नऊही कासवं निरनिराळ्या चालीनं चाललेली वाटतात. बदामच्या त्या बिनमिशीच्या राजापुढे हे पान ठेवलं, तर खरोखरच तलवार डोक्यात घालून घ्यावी.

सावंतवाडीला ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच चित्रशाळा काढून ती उभी केली. जुन्या कारागिराकडून नव्यांनी हात शिकून घेतला. राजवाड्याच्या त्या दालनात माना खाली घालून बसलेले चित्रकार बघितले की आपणही चपला काढून हळू चालू लागतो. हे काम मोठंच झालं, त्यात शंका नाही.

पण खेळाचं काय?

दशावतारी खेळात दिवसा उतारी रामाची आणि रात्री कृष्णाची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्या रंगांत एक्का मोठा. हुकूम नावाची भानगडच नाही, त्यामुळे प्रत्येक रंगाचं कुठलं पान होऊन गेलं हे डोक्यात ठेवावं लागतं. एकशेवीस पानांचा हिशेब, आणि तोही अर्धा सुलटा, अर्धा उलटा. हा खेळ खेळणाऱ्या बायका एके काळी आपल्या माजघरांत होत्या. आज गंजिफा विकत घेतला जातो तो भेट द्यायला, नाहीतर चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायला. माझ्या ओळखीत तीन घरी तो भिंतीवर आहे. तिन्ही घरी मी विचारलं, "खेळता येतो का हो?" पहिल्या घरी हसले, दुसऱ्या घरी किंमत सांगितली आणि तिसऱ्या घरी म्हणाले, "अहो, हात लावू नका, खराब होईल."

इथे माझं परीक्षण या सुंदर पुस्तकाच्या विरुद्ध जातं. म्हणजे पुस्तकाच्या नव्हे, त्याच्या वाचकांच्या. पान म्हणजे चित्र नव्हे. पान म्हणजे ते हातात असताना तुम्ही समोरच्याच्या चेहऱ्याकडे कसं बघता, ते. वाचवायचं म्हणून आपण चित्र वाचवलं, आणि ते ज्याच्यासाठी काढलं होतं ती गोष्ट वाऱ्यावर सोडली. लोणच्याची बरणी जपून ठेवावी आणि लोणचं कसं घालायचं ते विसरून जावं, तसं झालं.

बावन्न पानी पुस्तकाचं आजवर तसं झालं नाही, याचं कारण ते कुरूप आहे, स्वस्त आहे आणि त्याला कुणी भिंतीवर लावत नाही. पण त्याच्याबद्दलही मी फारसा निर्धास्त नाही. कारण आपण मराठी माणसांनी या पुस्तकात जे लिहिलं, ते कुठे छापलेलंच नाही.

आता हेच बघा. सात-आठ: दोघांचा खेळ, सत्तीच्या खालची पानं बाजूला, सत्त्या दोनच घ्यायच्या, एकूण तीस पानं, एकानं सात हात करायचे, दुसऱ्यानं आठ. पाच-तीन-दोन: त्याच तीस पानांत तिघं, पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा, आणि ज्याचे हात कमी होतील त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची. सावकारी व्याजाचं इतकं सोपं पाठ्यपुस्तक दुसरं नाही. मेंढीकोट: चार जण, दोन जोड्या, दश्शी ही मेंढी, चारही मेंढ्या पकडल्या की कोट. दश्शीला मेंढी का म्हणायचं? उगीच. तीच तर मजा. बदाम सत्ती हा तर आपल्या सार्वजनिक जीवनाचा आराखडाच आहे: हातात पान असून न टाकणं आणि दुसऱ्याचं अडवून "पास" म्हणणं, यात सगळं कौशल्य. भिकार-सावकारमध्ये अक्कल अजिबात लागत नाही, म्हणून तो पाच वर्षांच्या नातवाला आणि पंच्याऐंशीच्या पणजोबांना बरोबरीनं खेळता येतो. गुलामचोरमध्ये एक गुलाम आधीच काढून ठेवायचा, मग बिनजोडीचा उरलेला गुलाम ज्याच्या गळ्यात पडेल तो चोर. आणि 'नॉट ॲट होम', उच्चारी नाटेठोम! नाव असं, आणि घराबाहेर तो कुणी कधी खेळल्याचं मी पाहिलेलं नाही.

यांतल्या प्रत्येक खेळाचे नियम पुण्याला एक, वऱ्हाडात दुसरे आणि आमच्या घरी तिसरे. लग्न होऊन सून आली की कुळाचाराआधी तिला आमच्याकडची मेंढी शिकवीत. दोन घरांतला खरा मतभेद मानपानाचा नसतो. हुकूम संपल्यावर काय, याचा असतो.

आमच्या वाड्यात माईआत्या होती. एकविसाव्या वर्षी परत आली ती कायमची. भावाच्या संसारात राबायची, भाजी कोणती करायची हेसुद्धा विचारून करायची. घरात तिचा शब्द असा नव्हताच. पण दुपारी चटई पसरली, पाच पानं हातात आली, की ती चष्मा वर सरकवून म्हणायची, "इस्पिक." झालं! वडील, दोन्ही काका, हायकोर्टात प्रॅक्टिस करणारे मोठे मेहुणे, सगळ्यांना इस्पिक पाळावं लागे. मराठीत या गोष्टीला 'हुकूम' म्हणतात, हे किती योग्य आहे ते मी तिथे शिकलो. मेंढीकोटला तिचा भिडू व्हायला आम्हां मुलांत मारामारी चाले, कारण ती भिडूला कधी टाकून बोलली नाही. चुकीचं पान पडलं तर नुसतं "असू दे" म्हणायची आणि पुढच्या हाताला वडिलांचा एक्का कापायची.

तिचा स्वतःचा एक डाव होता. 'माईचा डाव'. पाच जणांचा, दोन रंग हुकमाचे, आणि सातवा हात झाल्यावर सगळ्यांनी आपापली पानं उजवीकडच्याला द्यायची. तिनं तो कुठून आणला कोण जाणे. माहेरचा म्हणावा तर ती माहेरीच होती, आणि सासरी जेमतेम दीड वर्ष. आम्ही भावंडं अजून मे महिन्यात एकदा जमतो तेव्हा तो खेळतो. म्हणजे खेळायला बसतो. दुसरा हुकूम कुणी बोलायचा, यावर पुण्याच्या बहिणीचं एक म्हणणं, नागपूरच्या भावाचं दुसरं, आणि न्यू जर्सीहून आलेली चुलतबहीण तर पानं डावीकडच्याला द्यायची असं छातीठोकपणे सांगते. गेल्या वर्षी भाच्यानं मोबाइल काढला आणि "थांबा, नियम शोधतो," म्हणाला. तीनपत्ती होती, रमी होती, ब्रिज तर होताच. माईचा डाव नव्हता. मोबाइलवरचे पत्ते छान असतात, पिसायला नकोत, चिकटत नाहीत, पान हरवत नाही. फक्त त्यांत भिडूला डोळा मारता येत नाही, आणि घरचा नियम घालता येत नाही.

शेवटी ठरलं, की नियम लिहूनच काढायचे. बहिणीनं जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली, वर 'माईचा डाव' असं लिहिलं, खाली एक, दोन, तीन आकडे टाकले. पहिला नियम एकमतानं झाला: खेळणारे पाच. दुसऱ्यावर चहा थंड झाला. मग भाऊ म्हणाला, "आधी एक डाव टाकू, खेळता खेळता आठवेल," आणि पानं मोजायला घेतली, तर एक्कावन्न भरली. चौकटची चव्वी नव्हती. तिच्याऐवजी जोकर घेतला, त्यावर बॉलपेननं 'चौ. चव्वी' लिहिलं आणि वाटायला सुरुवात केली.